तेविसाव्या पिशवीतली पानं

३ फेब्रुवारी

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

फोन सोडून मामा पत्रं का लिहायला लागला, असं तुला वाटेल. पण फोनवर आपलं काय होतं ते आठव. मी 'हॅलो' म्हणतो, मग मला सात शिंका येतात, आणि आठवीच्या आधी तू 'मामा, ठेव आता' म्हणतेस. कागदावर शिंक ऐकू येत नाही. फार तर अक्षर हलतं.

तू मागितली होतीस तशी आमच्या बागेतल्या चाळीस झाडांची पानं चाळीस कागदी पिशव्यांत भरून या पार्सलात पाठवतोय. पिशव्यांवर नंबर आहेत, नावांची यादी वेगळी जोडली आहे. तेवीस नंबरच्या वेलीचं पुस्तकातलं नाव लिहिताना माझी अर्धी ओळ संपली. काचघरात आम्ही तिला 'पंपवाली' म्हणतो, कारण ती पाण्याच्या पंपामागे वाढते आणि तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. सगळी पानं वस्तादांनी शिकवलं तसं झाडाला विचारून घेतली आहेत, कुणाचं मन मोडलेलं नाही.

नाकाच्या ऍलर्जीवर झाडपाल्यातून काही निघतं का ते शोधायला तुला पगार देतात, हे मी इथे सगळ्यांना सांगितलं. आमचे साहेब म्हणाले, "मग तुमच्या भाचीने घरूनच सुरुवात करायला हवी होती." मी उत्तर देणार होतो, पण शिंक आली.

तुझा,
मामा

१९ फेब्रुवारी

प्रिय मामा,

साष्टांग नमस्कार. तू आधी खाली बस. शिडीवर उभा राहून हे पत्र वाचू नकोस.

तुला आधी शिंकेची गोष्ट सांगते. आपल्या नाकाच्या आतल्या अस्तरात काही पेशी असतात, त्यांना मास्ट पेशी म्हणतात. त्यांच्या पोटात शेकडो बारीक पुड्या ठासून भरलेल्या असतात. त्या पुड्यांत हिस्टामिन नावाचं द्रव्य असतं, आणखीही बरंच काही असतं. या पेशी म्हणजे घाबरट पहारेकरी. बिचारा परागकण वाट चुकून नाकात आला की त्यांना वाटतं हल्लाच झाला, आणि त्या सगळ्या पुड्या एकदम बाहेर फेकतात. तुझं नाक गळणं, डोळ्यांची आग, ओळीने अकरा शिंका, ही सगळी त्या पुड्यांची करामत. माझ्याकडे अशा पेशी काचेच्या बशीत वाढवलेल्या आहेत. पानाचा अर्क घालायचा, मग त्यांना मुद्दाम बिथरवायचं, आणि भिंगातून बघायचं.

एकोणचाळीस पिशव्यांच्या अर्कांनी काही विशेष केलं नाही. पेशी फुटायच्या तशा फुटल्या. मग तेविसावी पिशवी.

मामा, त्या फुटल्याच नाहीत. पुड्या पोटात धरून गप्प बसून राहिल्या. मला वाटलं मेल्या असतील, म्हणून तपासलं. चांगल्या जिवंत होत्या, फक्त शांत होत्या. मी भिंगावरून डोळा काढला, खिडकीपाशी जाऊन पाणी प्यायले आणि पुन्हा येऊन बघितलं. तशाच.

कांद्याच्या सालीत, चहाच्या पानात अशी शांत करणारी द्रव्यं थोडीफार असतात हे आधीपासून ठाऊक आहे. पण इतक्या थोड्या अर्कात इतकी शांतता मी कधी पाहिली नव्हती. ज्या वेलीला नाक नाही, जिला जन्मात शिंक आली नाही, तिला माझ्या पेशींची कळ नेमकी कशी सापडली? मला रडू आलं, हे कुणाला सांगू नको.

तुझी,
ठमी

२७ फेब्रुवारी

चि. ठमीस,

पत्र वाचलं आणि पंपवालीसमोर जाऊन उभा राहिलो. एकवीस वर्षं मी या बाईला पाणी घालतोय आणि एकदाही तिची विचारपूस केली नाही. लोक येतात ते ऑर्किडसमोर फोटो काढतात, पंपामागे फक्त मी जातो, तेही पंप बिघडला तर. आज टोपी काढून तिला नमस्कार केला. नवी माळीणबाई बघत होती. तिला वाटलं पंपाला केला.

आता कामाचं विचारतो. दोन पानं उकळून प्यायली तर चालतील का? कारण असं आहे की मी तुला एक गोष्ट सांगितली नव्हती. जानेवारीत शिडीवर असताना सलग शिंका आल्या आणि पडता पडता वाचलो. गोळी घेतली तर झोप येते, नाही घेतली तर शिडी हलते. साहेब माणूस चांगला आहे, पण त्यांनी हुकूम काढलाय. जुलैपासून मी काचघर सोडायचं आणि बियाण्यांच्या खोलीत टेबलावर बसायचं. तिथे पाकिटं आहेत, चिठ्ठ्या आहेत, वाढणारं काही नाही.

तेव्हा तुझं औषध जुलैच्या आत निघेल का?

मामा

६ मार्च

प्रिय मामा,

खबरदार एकही पान उकळलंस तर! बशीतल्या पेशी गप्प बसल्या म्हणजे माणूस बरा झाला असं नाही. त्याच पानात तुझं यकृत बिघडवणारं काही असेल तर? मला अजून काहीच ठाऊक नाही. तू मला शपथ घेऊन कळव.

आणि जुलैचं विचारलंस. तुझ्याशी खोटं बोलणार नाही. द्रव्य वेगळं काढायचं, ते नेमकं काय आहे ते ओळखायचं, मग प्राणी, मग माणसं. सगळं सुरळीत झालं तरी दहा वर्षं. आणि शंभरांतली नव्याण्णव द्रव्यं वाटेतच बाद होतात. काचघर सोडावं लागणार हे वाचून मला कसंतरीच झालं. पण मला जुलै पाळता येणार नाही, मामा.

मला पाळायची आहे ती तीस जून. आमच्या विभागप्रमुख बाई फार कडक. माझा निकाल बघून म्हणाल्या, "एकदा दिसलं म्हणजे दिसलंच नाही. पुन्हा दाखव." तीस जूनला बैठक आहे. तोवर ताज्या पानांतून तोच परिणाम दाखवला तर पंपवालीवर पुढची पाच वर्षं काम करायची परवानगी मिळेल. नाही दाखवता आला तर फाइल बंद, आणि एकदा बंद झालेली फाइल इथे कुणी उघडत नाही.

म्हणून तीन किलो पानं हवीत, एप्रिलच्या मध्यापर्यंत. तू जशी मागच्या वेळी तोडलीस अगदी तशीच तोड. काही बदल करू नको.

ठमी

११ एप्रिल

चि. ठमीस,

शपथ घेतली. एकही पान उकळलं नाही, चावलं नाही, नाकाशी धरून हुंगलं मात्र दोनदा. त्याला वास गवतासारखा येतो.

तीन किलो पंपवाली सोबतच्या खोक्यात आहे. खाली ओला कापूस, वर मलमल, मध्ये पानं. उघडशील तेव्हा बाईंना हाक मार आणि त्यांच्या देखत उघड. अशी पानं त्यांनी बघितली नसतील. साहेब पाहून म्हणाले, "ही आपल्या बागेतली? पंपामागची?" माळीणबाई तर म्हणाली की ही मेणाची वाटतात.

तुझ्या कामाला माझ्याकडून कमीपणा येऊ नये, एवढंच माझ्या मनात होतं. आता तुझ्या पेशींना सांग, मामाने पाठवलंय, गप्प बसा.

मामा

२ मे

ति. मामा,

पानं पोचली. काम चालू आहे. तब्येतीला जप. सवडीने लिहीन.

ठमी

१० मे

चि. ठमीस,

तुझं दोन ओळींचं कार्ड मिळालं. तू लहानपणीसुद्धा नुसती हाक मारलीस तरी त्याची गोष्ट व्हायची, आणि आता दोन ओळी? मी चार दिवस विचार केला आणि मला उमगलं.

तुला औषध सापडलंय! तू जुलैत स्वतः घेऊन येणार आहेस आणि माझी फजिती बघणार आहेस. माझ्या साठाव्या वाढदिवसाला घड्याळ आणलं होतंस तेव्हाही अशीच पंधरा दिवस घुम्यासारखी बसली होतीस. ठीक आहे, मी काही विचारणार नाही. मला काही ठाऊक नाही. फक्त डबी मोठी आण, नाक मोठं आहे.

पंपवालीला रोज सकाळी दोन शब्द बोलतो. काल तिला सांगितलं, बाई, तुझी आता मिरवणूक निघणार.

मामा

१६ मे

मामा,

औषध सापडलेलं नाही. तुझं पत्र वाचल्यावर मला आणखी गप्प बसवेना.

तीन किलो पानं. चार वेळा अर्क काढला, चार वेगवेगळ्या दिवशी, दोनदा माझ्या हाताने आणि दोनदा दुसऱ्याच्या. काही नाही. पेशी फटाफट फुटल्या, साध्या पाण्यात फुटाव्यात तशा. फेब्रुवारीत जे डोळ्यांनी पाहिलं त्याचा मागमूस नाही.

बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळूच म्हणाल्या, "बश्यांची अदलाबदल झाली असेल. होतं असं." मी तेव्हा दिवसभरात चाळीस अर्क तपासत होते, मामा. थकले होते. झालीही असेल अदलाबदल. आता तर मला माझ्याच डोळ्यांचा भरवसा वाटत नाही.

आधीचा सगळा अर्क संपला, त्यामुळे तो पुन्हा तपासता येत नाही. तू काही वेगळं केलं होतंस का? पाणी, माती, तोडायची वेळ, काहीही? बदललं नसेल तर चूक माझीच. मग तीस जूनला उभी राहून सांगणार आहे की तेविसाव्या पिशवीचा निकाल चुकीचा होता, आणि चूक माझी आहे. माझ्या पुढच्या प्रत्येक निकालाकडे लोक त्या नजरेने बघतील, तेही रास्तच आहे.

फेब्रुवारीत तुला आशा लावली त्याची माफी मागते.

ठमी

२१ मे

चि. ठमीस,

पाणी तेच. माती तीच. दोन्ही वेळा सकाळी आठच्या सुमारास तोडली. वेल तीच, पंप तोच.

काही बदललं नाही. तू हातपाय गाळू नकोस.

मामा

२४ मे

चि. ठमीस,

मागचं पत्र फाडून टाक. ते तुझ्या मामाने लिहिलेलं नाही, एका घाबरटाने लिहिलंय. तीन दिवस जेवण गोड लागलं नाही, आज बागेला सुट्टी आहे म्हणून काचघरात एकटा बसून लिहितोय.

मला ज्यांनी हे काम शिकवलं ते वस्ताद तुला आठवत नसतील. त्यांचा एक नियम होता. झाडाचं चांगलं पान तोडायचं नाही. चांगलं पान झाडाचं जेवण बनवत असतं, ते तोडणं म्हणजे कुणाच्या ताटातला घास काढणं. पान हवंच असेल तर झाडाला ज्याचा उपयोग संपत आला असेल ते घ्यायचं, म्हणजे किडलेलं, कुरतडलेलं, अळीने खाल्लेलं. छत्तीस वर्षं मी तसंच करत आलोय. हात आपोआप भोकं पडलेल्या पानाकडे जातो.

फेब्रुवारीत तुला पाठवलेली चाळीसही पिशव्यांतली पानं तशीच होती, ठमे. रद्दी. पंपवालीची तर सगळ्यांत वाईट, कारण तिच्यावर हिरव्या अळ्या फार. काही पानांवर त्यांची घाणही असेल. मला वाटलं तू नुसती चव घेऊन बघणार आहेस, रद्दी चालेल.

मग तुझं पत्र आलं. बाई, बैठक, पाच वर्षं. माझी भाची मोठ्या माणसांसमोर उभी राहणार आणि मी भोकं पडलेली पानं पाठवणार? तू 'अगदी तशीच तोड' असं लिहिलं होतंस, मी वाचलं होतं. पण मला लाज वाटली. तोडायच्या आधी चार आठवडे वेलीला जाळी बांधली, एकेक अळी चिमट्याने काढली, जुनी पानं काढून टाकली. नवी कोवळी आली ती तुला पाठवली. एका पानाला टाचणीएवढं भोक नव्हतं. वस्तादांचा नियम मी आयुष्यात पहिल्यांदा मोडला, तो तुझ्यासाठी.

म्हणजे फेब्रुवारीत तुझ्या पेशी गप्प बसल्या त्या अळीच्या घाणीने असतील, वेलीने नाही. चूक तुझी नाही, तुझा डोळा चांगला आहे. बाईंना माझं नाव सांग. सांग की माझ्या मामाने मला कचरा पाठवला आणि मग तो लपवला. तीस जूनला तू मान खाली घालू नकोस. ती माझी घालायची आहे.

मामा

२८ मे

मामा, मामा, मामा!

पत्र प्रयोगशाळेच्या दारातच वाचलं आणि सरळ फ्रीझरकडे पळाले. अर्क संपला होता, पण तेविसाव्या पिशवीच्या तळाशी उरलेली अकरा पानं मी गोठवून ठेवली होती आणि साफ विसरले होते. बाहेर काढली. टेबलावर ओळीने मांडली. अकराही खाल्लेली. कुणाची कड गेलेली, कुणाला चाळणीसारखी भोकं, एकाची तर नुसती शीर उरलेली.

मी फेब्रुवारीत हीच पानं हातात धरली होती. पिशवी उघडली, चिमूटभर उचललं, दळलं. पेशी हजारपट मोठ्या करून बघितल्या, आणि पान साध्या डोळ्याने बघितलं नाही. तू लाजेने लपवलंस, मी न बघून. आपण दोघंही सारखेच.

आता ऐक. वेल पळू शकत नाही. अळी आली तर तिला झटकता येत नाही. मग ती काय करते? ती आपल्या पानातच काहीतरी शिजवायला घेते, अळीला कडू लागेल, बाधेल असं. अळी नसेल तर कशाला शिजवेल? तुझ्या जाळीतल्या कोवळ्या पानांना कुणी हात लावला नव्हता, म्हणून त्यांच्यात काही नव्हतं!

हा अजून माझा अंदाज आहे. अकरा पानांतून एकच चाचणी निघाली, ती आज दुपारी केली. बाईंना बोलावून घेतलं आणि भिंगापाशी त्यांनाच बसवलं. मी बघितलंच नाही. बाईंनी बशी दोनदा सरकवून बघितली. मग म्हणाल्या, "या शांत आहेत."

पण बैठकीला एक चाचणी पुरत नाही. तेहेतीस दिवस उरलेत. मला तीन पिशव्या हव्यात, सोळा जूनपर्यंत. एक, अळ्यांनी खाल्लेली पानं. दोन, तुझ्याकडे तिचं वेगळं कलम असेल ते जाळीत ठेवून त्यावर तू कात्रीने भोकं पाडलेली पानं, म्हणजे वेलीला नुसती जखम कळते की अळीच कळते ते बघता येईल. तीन, जाळीतलीच कोरी पानं. आणि अळ्यांच्या थोड्या लेंड्या वेगळ्या पुडीत, तुझी शंका फेडायला.

म्हणजे जाळी काढ, मामा. त्यांना खाऊ दे.

ठमी

१४ जून

चि. ठमीस,

छत्तीस वर्षं ज्यांच्याशी वैर केलं त्यांना मी स्वतःच्या हाताने जेवायला बसवलं. जाळी काढली. मार्चमध्ये चिमट्याने काढलेल्या अळ्या मी मारल्या नव्हत्या, कुंपणापलीकडच्या झुडपांवर सोडल्या होत्या. तिथून त्यांचं पुढचं खानदान शोधून आणलं. माळीणबाई म्हणाली, "तुमचं नाकाचं दुखणं डोक्यात गेलं." मी म्हटलं, बाई, हुकूम आहे.

आणि मग रोज स्टूल टाकून बघत बसलो. ठमे, मी अळी कधी बघितलीच नव्हती. दिसली की चिमटा, एवढीच आमची ओळख. ती पानाच्या कडेवर पाय रोवते, डोकं वरून खाली आणते आणि एक ओळ कापते. पुन्हा वर, पुन्हा ओळ. मी कान अगदी जवळ नेला तेव्हा आवाज आला. कागदावर टाक चालावा तसा, बारीक. एवढी वर्षं माझ्या काचघरात हा आवाज होता आणि मला तो ठाऊक नव्हता. मी श्वास रोखून ऐकत राहिलो, तेवढ्यात शिंक आली आणि दोघी खाली पडल्या. उचलून परत ठेवल्या.

कात्रीने भोकं पाडताना पंपवालीच्या कलमाची माफी मागितली. तीन पिशव्या आणि पुडी तू म्हणालीस तशी पाठवतोय.

पण एक चौथी पिशवीही आहे, ती माझ्या मनाने. सहाव्या दिवशी एक गोष्ट दिसली. खालच्या पानांची चाळण झाली होती, तेव्हा अळ्या वर चढायला लागल्या. वरच्या पानांना कुणी तोंडही लावलं नव्हतं, हिरवीगार, कोवळी. मला वाटलं आता यांची चंगळ. पण त्या वर गेल्या, एक घास घेतला, थांबल्या, आणि नाकं मुरडून खाली आल्या. एक नाही, पाच. मी मोजलं. पाचही जणी परत. त्या वरच्या पानांना खाली काय चाललंय ते कुणी सांगितलं? एक घास गेलेली पानं बाजूला ठेवून त्यांच्या शेजारची अजिबात न खाल्लेली मी चौथ्या पिशवीत घातली आहेत.

चूक असेल तर फेकून दे. पण या वेळी काही लपवलेलं नाही.

मामा

१ जुलै

प्रिय मामा,

काल बैठक झाली. शेवट आधी सांगते, परवानगी मिळाली. पाच वर्षं.

आता पहिल्यापासून. कोऱ्या पानांनी काही केलं नाही. लेंड्यांनीही काही केलं नाही, तुझी शंका फिटली. मी आठवडाभर त्या दळत होते, माझ्या शेजारी जेवायला कुणी बसत नव्हतं. कात्रीच्या पानांनी अगदी किंचित केलं. अळीने खाल्लेल्या पानांनी पेशी शांत केल्या, तिन्ही वेळा, तीन वेगवेगळ्या माणसांच्या हातून. म्हणजे वेलीला कात्री आणि अळी यांतला फरक कळतो. बहुतेक अळीची लाळ ओळखते.

आणि तुझी चौथी पिशवी. ती मी शेवटी तपासली, खरं सांगायचं तर तुझं मन राखायला. मामा, ज्या पानांना कुणी स्पर्शही केला नव्हता त्यांनी पेशी जवळपास तितक्याच शांत केल्या. खालच्या पानाला दात लागला आणि वरचं पान तयार झालं. निरोप गेला. आवाज नाही, धावपळ नाही, वेल आपली पंपामागे उभी, आणि तिच्यातून बातमी चालली आहे. इतकी शिकले मी, तरी काल ते आकडे फळ्यावर लिहिताना खडू थांबला. वीसेक माणसं बसली होती, त्यांतले मागचे दोघं उठून फळ्यापाशी आले.

बाईंनी एकच प्रश्न विचारला, "हे चौथं बघायचं कुणाला सुचलं?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुमच्या मामांना विचारा, आणखी काय काय लपवून ठेवलंय."

शोधनिबंध लिहू तेव्हा तुझं नाव आमच्याबरोबर छापायचं ठरलंय. आभारात नाही, वर, आमच्या ओळीत.

पण काल घरी येताना मला आठवलं की उद्या एक जुलै. तू आज काचघरातून निघाला असशील. ही शांतता बशीतली आहे, मामा, ती तुझ्या नाकापर्यंत मला आणता आली नाही. कदाचित कधीच येणार नाही. ज्याने मला ती दाखवली त्यालाच ती मिळू नये, याचं मला फार वाईट वाटतं.

तुझी,
ठमी

८ जुलै

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

पत्र बियाण्यांच्या खोलीतून लिहितोय. खिडकीतून काचघराचं छप्पर दिसतं. इथे आल्यापासून शिंका निम्म्या झाल्या, हेही खरं सांगतो, नाहीतर तू उगाच झुरत बसशील.

वाईट वाटलं. शेवटच्या दिवशी किल्ली माळीणबाईच्या हातात देताना डोळे पुसावे लागले, नाकामुळे नाही. पण तू म्हणतेस मला काही मिळालं नाही, ते मला पटत नाही. एकवीस वर्षं मी समजत होतो की मी त्या वेलीला सांभाळतोय. ती बाई माझ्या पाठीमागे उभ्या उभ्या स्वतःला सांभाळत होती, पानापानाला निरोप धाडत होती, आणि त्यात कुणाच्या तरी नाकाची सोयही करून ठेवत होती, न विचारता. हे कळायला मला साठी ओलांडावी लागली. न कळताच गेलो असतो तर? इथे पाकिटातलं बी तळहातावर घेतो तेव्हासुद्धा आता जरा जपून घेतो. काय ठाऊक, हे काय काय जाणत असेल.

नाव छापा, माझी हरकत नाही. दहा वर्षांनी गोळी निघाली आणि कुणी शिडीवरचा माणूस ती घेऊन न शिंकता खाली उतरला, तर मी उतरल्यासारखंच.

एक काम मात्र करून आलो. मला धास्ती होती की माझ्यामागे माळीणबाई पहिल्याच दिवशी चिमटा घेऊन पंपामागे जाईल. ती चांगली माळीण आहे, जाणारच. म्हणून निघण्याआधी पत्र्याची पाटी रंगवली आणि पंपवालीच्या बुंध्याशी ठोकली. साहेबांनी वाचली, हसले नाहीत, राहू द्या म्हणाले. पाटीवर लिहिलंय, 'या वेलीवरच्या अळ्या काढू नयेत. त्या कामावर आहेत.'

खाली सही करत होतो, तेवढ्यात शिंक आली. सही वाकडी झाली आहे, पण ओळखू येते.

तुझा,
मामा